लाल म्हणजे हुकूम

पान तीनशे एकाहत्तरवर नकाशेकाराचे लग्न राणीच्या बहिणीशी लागले, तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजले होते. मुद्रितशोधक बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ते पान पुन्हा वाचले. लग्न लागलेलेच होते.

"मेल्या!" बाई म्हणाल्या. खोलीत दुसरे कोणी नव्हते.

'सात मनोऱ्यांचे राज्य' ही कादंबरीमाला अकरा वर्षे चालली होती आणि हा तिचा शेवटचा भाग होता. ड्रॅगन, शापित तलवारी, बोलणारे दगड, तीन युद्धे, साडेचारशे पात्रे. त्यांतल्या दोघांवर बाईंचे पहिल्यापासून लक्ष होते: दरबारचा नकाशेकार आणि ड्रॅगनांची वैद्यीण. पहिल्या भागात त्याचा भाजलेला हातमोजा तिने न सांगता शिवून दिला. दुसऱ्या भागापासून त्याच्या प्रत्येक नकाशात तिची झोपडी असे, नकाशा समुद्राचा असला तरी. पाचव्या भागात दोघे बर्फाच्या खिंडीत नऊ दिवस अडकले, आणि त्याची शाई गोठू नये म्हणून तिने दौत नऊ दिवस काखेत धरली. हे सगळे लेखकानेच लिहिले होते. आपण काय लिहिले आहे, एवढेच त्याला कळले नव्हते. आता त्याने नकाशेकाराला राणीच्या बहिणीच्या गळ्यात बांधले होते. ही बहीण कथेत पहिल्यांदा येते पान तीनशे बारावर. वैद्यीण लग्नाला हजर असते. लेखकाने तिला एका ड्रॅगनच्या शेपटीजवळ उभे केले आहे आणि तो तिला तिथेच विसरला आहे.

त्या प्रकाशनसंस्थेत प्रुफांचा नियम साधा होता. लाल शाईने लिहिलेले मजकुरात बसवायचे. पेन्सिलीने लिहिलेले लेखकाच्या माहितीसाठी. ते बसवायचे नाही. बाई आपला राग नेहमी पेन्सिलीने समासात लिहीत. 'प्रुफं मला पाठवू नका, डोकं उठतं' असे लेखकाने दुसऱ्या भागानंतर कळवले होते, तरी बाईंनी पेन्सिलीचा शिरस्ता मोडला नव्हता.

त्या दिवशी मात्र पेन्सिल जागेवर नव्हती. दहा मिनिटांपूर्वी प्रकाशक येऊन गेले होते. पंख्याचे अडकलेले बटण ढोसायला त्यांनी टेबलावरची पेन्सिल उचलली, बटण ढोसले आणि पेन्सिल कानावर ठेवून ते निघून गेले. बाईंनी हाताला लागले ते उचलले आणि लिहायला सुरुवात केली. एका लग्नात त्यांनी बारा ठिकाणी लिहिले. हातात काय आहे, हे रागाच्या भरात पाहायचे राहिले.

अक्षरजुळणीची खोली वरच्या मजल्यावर होती. जिना इतका उभा होता की प्रुफे खिडकीतून टोपलीत घालून दोरीने वर ओढत. टोपलीला घंटी होती. बाईंनी गठ्ठा टोपलीत आदळला आणि दोरीला असा हिसका दिला की घंटी तुटून अंगणात पडली.

वर जुळणीकारांनी गठ्ठा सोडवला. हा वीस वर्षे नोकरीत असलेला, कमी बोलणारा माणूस. पान तीनशे एकाहत्तर त्यांनी दोनदा वाचले, मग भिंतीकडे पाहिले. संगणकाच्या वर एक चिठ्ठी डकवलेली होती. तिसऱ्या भागाच्या वेळी त्यांनी एक लाल दुरुस्ती 'बाईंची चुकून झाली असेल' असे ठरवून गाळली होती. त्या दिवशी बाई आयुष्यात एकदाच तो जिना चढून आल्या होत्या आणि धापा टाकत म्हणाल्या होत्या, "तुमचं काम विचार करणं नाही, बसवणं आहे. लाल म्हणजे हुकूम. पटलं नाही तरी हुकूम." ते वाक्य जुळणीकारांनी तारखेसह लिहून ठेवले होते.

त्यांनी बाराच्या बारा दुरुस्त्या बसवल्या. सुबक बसवल्या.

दुसरे प्रूफ निघायला हवे होते. पण प्रकाशनाचा दिवस जाहीर झाला होता. "बाईंच्या हातून गेलंय ना? मग देवाच्या हातून गेलं," प्रकाशक म्हणाले, आणि पुस्तक छापून झाले.

प्रकाशक स्वतः पुस्तके वाचत नसत. त्यांच्या वतीने ते काम सासूबाई करत. प्रकाशनानंतर तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमचा लेखक सुधारला हो!"

"म्हणजे?"

"सहा भाग नुसता दगडासारखा सांगत होता. या वेळी मेला मधेच भडकतो! मी तर टाळ्या वाजवल्या. मला पहिल्यापासून वाटत होतं, त्या वैद्यिणीचं आणि त्याचं काहीतरी आहे. पान तीनशे एकाहत्तर वाचा."

प्रकाशकांनी अकरा वर्षांत पहिल्यांदा आपले पुस्तक उघडले. वाचता वाचता ते खुर्चीत बसले, मग उभे राहिले. तेवढ्यात दार आपटले आणि लेखक आत आला. त्याच्या हातात तेच पुस्तक होते आणि त्याच पानात बोट होते.

"बाईंना बोलवा," लेखक म्हणाला. "सगळ्यांना बोलवा. मी वाचून दाखवतो."

बाई आल्या. लेखकाने वाचायला सुरुवात केली.

"'नकाशेकाराने राजकन्येचा हात हातात घेतला. याला लाज कशी वाटत नाही? मनोऱ्यांवरच्या घंटा वाजू लागल्या. वाजू द्या, यांना काय कळतंय. राजकन्या लाजली. ही कोण? कालपर्यंत कुठे होती? त्याने शपथ घेतली, "तुझ्याइतके माझ्यासाठी कोणी केले नाही." हातमोजा कोणी शिवला होता रे? नऊ दिवस काखेत दौत धरणारी तिकडे शेपटीशी उभी आहे, तिच्याकडे निदान बघ तरी.'" लेखकाचा आवाज चिरकू लागला. "आणि शेवटी, माझ्या कादंबरीचं शेवटचं वाक्य! 'अशा रीतीने सातही राज्यांत आनंद पसरला. लिहिणाऱ्याला डोळे आहेत की नुसती भोकं?'"

कोणी हसले नाही. प्रकाशकांनी खिडकीतून बाहेर पाहिले.

"अक्षर न् अक्षर माझं आहे," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. पण आवाज पडला नव्हता. "पण ते पेन्सिलीनं..." त्या थांबल्या. प्रकाशकांच्या कानावर त्यांची पेन्सिल अजून होती.

"तुमचं नंतर बघू," लेखक म्हणाला. "ज्यानं हे डोळे मिटून बसवलं, तो माणूस मला आज इथून गेलेला हवा. अक्कल गहाण ठेवली होती का त्यानं? तो राहणार असेल तर मी जातो, माझे सात भाग घेऊन. सांगा."

प्रकाशकांनी फारसा विचार केला नाही. लेखक एकच होता. जुळणी कोणीही करू शकत होते. त्यांनी खिडकीतून वर हाक मारली, "जरा खाली या हो. येताना तुमचं सामान... बरं, आधी या तर."

जुळणीकार खाली आले. त्यांनी काखेत दोरीने बांधलेला मोठा गठ्ठा धरला होता. "चूक माझी आहे," ते आल्या आल्या म्हणाले. "जातो मी."

"काय म्हणून?" बाई कडाडल्या. "तुमची कसली चूक? लाल शाई माझी, नियम माझा. वरती भिंतीवर लावलाय म्हणे त्यांनी, जाऊन बघा! ज्यानं हुकूम पाळला त्याला काढणार, आणि ज्यानं बाईची पेन्सिल पळवून घोटाळा केला तो खुर्चीत बसणार? काढायचं तर मला काढा!"

"बाई, तुम्ही मधे पडू नका," जुळणीकार म्हणाले.

"पडणार! वीस वर्षं नोकरी केलीय तुम्ही, आणि 'जातो मी' काय? भांडता येत नाही?"

"तुमच्यासमोर नाही येत."

"हा गठ्ठा कसला आहे?" लेखकाने विचारले.

"प्रुफं. सातही भागांची. तुमच्या लिखाणावर बाईंनी काय काय लिहिलंय ते तुम्ही एकदा वाचावं, मग मला काढावं, एवढंच म्हणणं आहे."

"जुनी प्रुफं सहा महिन्यांनी रद्दीत घालायची असतात," प्रकाशक म्हणाले.

"हो," जुळणीकार म्हणाले.

लेखकाने दोरी सोडली. वाचायचे ते केवळ अपमान किती झाला हे मोजण्यासाठी, अशा आवेशात तो बसला. पहिला भाग, दुसरा भाग. समासात पेन्सिलीची बारीक अक्षरे होती. 'हातमोजा शिवला. लक्षात ठेवा.' 'समुद्रात झोपडी? हा गेला कामातून.' पाचव्या भागाशी त्याने पाणी मागितले. खिंडीच्या प्रकरणात बाईंनी लिहिले होते, 'आता तरी बोल रे बाबा.' तो समास सोडून आपलाच छापील मजकूर वाचू लागला.

"हे मी लिहिलं होतं?" तो म्हणाला. "दौत? काखेत? मी ते शाई गोठायला नको म्हणून लिहिलं होतं."

"तेच म्हणतेय मी अकरा वर्षं," बाई म्हणाल्या.

लेखक आणखी चिडला, पण आता कोणावर चिडावे ते त्याला ठरवता येईना. त्याने पाने उलटीसुलटी केली आणि एकदम मान वर केली.

"पहिल्या तीन भागांची प्रुफं बारीक अक्षरात आहेत. चौथ्यापासून मोठ्या. पुस्तकं तर सगळी सारख्याच अक्षरात छापली. हे काय आहे?"

"मीही विचारलं होतं त्यांना," प्रकाशक म्हणाले. "दुप्पट कागद जातो. म्हणाले, यंत्राचं तसंच आहे."

"यंत्र बदललं असेल," बाई म्हणाल्या. "मला बरं पडलं."

"यंत्र तेच आहे," जुळणीकार जमिनीकडे पाहत म्हणाले. "त्या वर्षी बाईंच्या चष्म्याचा नंबर वाढला होता. वरून दिसायचं, कागद नाकाशी धरून वाचायच्या."

लेखकाने पुस्तक मिटले. त्याच्या चेहऱ्यावर सूड घेणाऱ्या माणसाचे समाधान हळूहळू पसरत गेले.

"बाई, एक सांगा. दुसऱ्या भागानंतर मी प्रुफं बघत नाही, हे तुम्हाला माहीत होतं?"

"होतं."

"मग पुढचे पाच भाग पेन्सिलीनं लिहीत होतात ते कोणासाठी?"

बाईंनी चष्मा काढला आणि त्या तो पुसू लागल्या.

"रद्दीत न घातलेले गठ्ठे," लेखक बोटे मोजत म्हणाला. "दुप्पट कागद. 'तुमच्यासमोर नाही येत'. आणि भोकं माझ्या डोळ्यांच्या जागी?"

"तोंड सांभाळून बोला!" बाई किंचाळल्या.

"मी काय बोललो? मी फक्त वाचतोय. तुम्हीच शिकवलंत आत्ता." लेखक उठला. "यांना काढू नका. बाईंनाही नको. मला आता आठवा भाग लिहायला लागणार, मेहेरबानी तुमची! त्या राणीच्या बहिणीचं काय करू मी?"

"एवढे ड्रॅगन आहेत ना," बाई म्हणाल्या.

लेखक दार आपटून गेला. प्रकाशकांनी कानावरची पेन्सिल काढून, दोन्ही हातांनी धरून, बाईंपुढे ठेवली. बाईंनी ती घेतली नाही. जुळणीकारांनी गठ्ठा पुन्हा बांधला आणि ते जिना चढून गेले.

पुढचे दोन दिवस बाई कोणाशी बोलल्या नाहीत. त्यांच्या टेबलावर पाण्याच्या पंपाच्या माहितीपुस्तिकेचे पहिले प्रूफ आले होते. अक्षरे मोठी होती. ती पाहून बाईंना इतका संताप आला की त्यांनी सोळा पाने एका बैठकीत तपासली. एवढी वर्षे माणूस डोक्यावर बसला आहे आणि एका शब्दाने बोलत नाही! याला काय म्हणावे? त्यांनी पेन्सिल उचलली, आणि खाली ठेवली. पेन्सिलीने लिहिलेल्याचे काय होते, ते त्यांनी पाहिले होते. गठ्ठे बांधून ठेवले जातात. त्यांनी लाल पेन घेतले, पान नऊच्या समासात एक ओळ लिहिली आणि प्रूफ टोपलीत घातले. घंटी नव्हती, दोरीच ओढली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दुसरे प्रूफ खाली आले. बाईंनी पान नऊ उघडले.

'पंप सुरू करण्यापूर्वी झडप पूर्ण उघडावी. उद्या पाच वाजता फाटकाशी थांबा, मला तुमच्याशी भांडायचे आहे. त्यानंतर बटण दाबावे.'

बाईंनी ते तीनदा वाचले. मजकुरात! झडप आणि बटण यांच्या मधे! त्यांनी लाल पेन उचलले, ओळीवर नेले आणि तसेच धरून ठेवले. मग घड्याळ पाहिले. पाच वाजायला चार मिनिटे होती. प्रूफ हातात घेऊन त्या अंगण ओलांडून तरातरा निघाल्या.

जुळणीकार फाटकाशी उभे होते. भांग ओला होता.

"हे बसवलंत तुम्ही?" बाईंनी पान त्यांच्या नाकाशी धरले. "पुस्तिकेत? काही अक्कल?"

"लाल होतं," जुळणीकार म्हणाले. "बसवलं. आणि पाळलंही."

"आणि हे असंच छापून गेलं असतं तर?"

"तुमच्या हातून जाणार होतं ना आधी," जुळणीकार म्हणाले आणि फाटक उघडून धरले. "चला. कुठून सुरुवात करायची भांडायला?"

"तिसऱ्या भागापासून," बाई म्हणाल्या, आणि पुढे झाल्या.