आखितीच्या आधीचा आंबा

फ्रीझर, मिक्सर आणि थोडी अक्कल, एवढं असलं की गंगाखेडच्या उन्हाळ्यातही माणूस मजेत जगतो, असं माझं ठाम मत होतं. पिकलेली फळं घ्यायची, फोडी करून ताटात सुट्या सुट्या पसरून गोठवायच्या आणि सायीच्या दह्यासोबत मिक्सरला फिरवायच्या. पाण्याचा थेंब नाही की बर्फाचा खडा नाही. चमचा उभा राहील असं घट्ट, दात शिवशिवतील असं गार! खरबुजाचं करून शेजारच्या सविताला दिलं, तर तिनं अजून पेला परत केलेला नाही.

पण माझा खरा डाव आंब्याचा होता, आणि तो आत्याबाईंसाठी होता. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, पार्वतीबाई. मागच्या पावसाळ्यात मामा, म्हणजे माझे सासरे दिनकरराव, गेले आणि आत्याबाईंचं जेवणावरचं मन उडालं. चतकोर भाकरी आणि वाटीभर वरण. ऊन तापायला लागलं तसं तेही जाईना. डॉक्टर म्हणाले, गार-गोड काहीतरी पोटात जाऊ द्या, नाहीतर ह्या उन्हात अंथरूण धरतील. तेव्हापासून मी एकेक फळ करून बघत होते. खरबूज झालं, चिकू झाला, त्यांनी नुसतं बोट लावून पेला सरकवून दिला. आंब्याला मात्र त्या नाही म्हणाल्या नसत्या.

अडचण होती ती आखितीची. आमच्याकडे आखितीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावानं घागर भरतात, आमरस-पोळीचा घास कावळ्याला ठेवतात, आणि तोवर घरात आंबा कुणी तोंडाला लावत नाही. त्यात मामांचं पहिलं वर्ष. आमच्या ह्यांनी, परमेश्वररावांनी, पाडव्यालाच बजावून ठेवलं होतं, "आधी अण्णा, मंग आपण." मामांना हे अण्णा म्हणायचे.

तरी मी फोडी गोठवल्या. आखितीला घास ठेवला की लगेच आत्याबाईंच्या हातात पेला द्यायचा, असा बेत होता. डबा मटारच्या पिशवीखाली दडवला. आणि चव बघायला म्हणून मी थोडंसं करून खाल्लं. चव न बघता कुणी वाढतं का!

दुसऱ्याच दिवशी डबा हलका लागला. उघडून पाहिलं तर फोडी कमी झाल्या होत्या आणि उरलेल्यांवरच्या पांढऱ्या हिमात बोटांचे ठसे उमटले होते. मी स्वतःची बोटं लावून पाहिली. जुळली नाहीत.

पुढचं घडलं ते भर दुपारी. आत्याबाई गल्लीतल्या सरजाबाईंकडे कुरडया करायला गेल्या होत्या आणि हे ऑफिसात. गल्लीत चिटपाखरू नव्हतं, कुत्रीसुद्धा ऑटोखाली शिरून बसलेली. मी पुढच्या खोलीत कूलरसमोर आडवी झाले होते. इतक्यात स्वयंपाकघरात मिक्सर सुरू झाला! जरा वेळ घरघरला आणि बंद पडला. मला वाटलं, लाइटीचा काहीतरी खेळ असेल. उठून गेले तर आत कुणी नाही. मिक्सरचं भांडं धुऊन ओट्यावर पालथं घातलेलं, त्यातून पाणी निथळतंय. वारा नसताना मागचं दार हळूहळू हलतंय. आणि सगळीकडे आंब्याचा वास, वेलदोड्यासकट.

भांडं धुऊन पालथं घालायची सवय मामांची! त्यांना शुगर होती. आत्याबाई आंबे कुलपात ठेवायच्या आणि मामा दुपारी सगळे झोपले की कुठून तरी किल्ली पैदा करून आंबा खायचे, ताटली धुऊन पालथी घालायचे आणि साळसूदपणे पेपर वाचत बसायचे. आता त्यांना शुगरचं भय उरलं नव्हतं, आणि कुलपाचं तर नाहीच नाही. कूलर चालू असून मला घाम फुटला.

ह्यांना सांगितलं, पण अर्धंच. सगळं सांगितलं तर आंबा मी गोठवला हे बाहेर आलं असतं. मिक्सर आपोआप चालतो म्हटल्यावर त्यांचा चेहरा उतरला. खाली बघून ते म्हणाले की दुपारचं स्वयंपाकघरात अजिबात जाऊ नकोस, आणि काही ऐकू आलं तरी उठू नकोस. त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी जास्तच घाबरले. आत्याबाईंना विचारलं, घरात काही जाणवतं का तुम्हाला? त्या दचकल्या. मग पदर नीट करत हळू आवाजात म्हणाल्या, "असंल. आपलंच माणूस हाय. बोलू नये त्याबद्दल."

म्हणजे त्यांनाही माहीत होतं! मामा रागावले होते. त्यांच्या आधी मी खाल्लं होतं, आणि आता त्याचं उट्टं ते आत्याबाईंना घेऊन जाऊन काढणार, ह्या विचारानं मला झोप येईना.

शेवटी एका दुपारी डब्यातली एक फोड काढली आणि मागच्या भिंतीवर ठेवून हात जोडले. कावळा आला. त्यानं चोच मारली, टक्क आवाज झाला. त्यानं मान वाकडी करून फोडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि दोन उड्या मागे सरकला. शिवेना! फोड फ्रीझरातून काढलेली, दगडासारखी गोठलेली आहे, हे आता कळतं. तेव्हा डोकं जागेवर कुठं होतं?

कावळा शिवला नाही की गेलेल्या माणसाला शब्द द्यावा लागतो. मी देत सुटले. तुमच्या फोटोला रोज हार घालीन म्हणाले. कावळा ढिम्म. तुमची आरामखुर्ची कुणाला देणार नाही म्हणाले. तो पंख खाजवायला लागला. मग मला रडूच आलं.

"मामा, आंबा आधी मी खाल्ला, माझं चुकलं. पण आत्याबाईंना नेऊ नका. त्या जेवत नाहीत, मला लय भ्या वाटायलंय. त्यायच्यासाठीच केलतं हे सगळं. मी त्यायला पोटभर खाऊ घालीन, शब्द देते."

तोवर उन्हानं फोड मऊ झाली होती. कावळ्यानं ती उचलली आणि उडून गेला. मी पुन्हा हात जोडले.

"राजेश्री," मागून आवाज आला.

आत्याबाई उभ्या होत्या. हातात वाटी, वाटीत फोडी, ओठ पिवळे.

"त्यायला कशाला बोल लावायलीस? फोडी म्या खाल्ल्या. घशाला कोरड पडायली, बर्फ घ्यायला गेले तर डबा घावला. नवऱ्याचं वरीस सरलं नाही अन् आखितीआधी आंबा खाल्ला म्हणून कुणाला सांगू?" त्यांनी डोळे पुसले. "लय दिवसांनी तोंडाला चव आली गं."

मी त्यांना मिठीच मारली. खात होत्या! बाई खात होती! मग मी हसत म्हणाले, आणि तुम्ही भांडं किती स्वच्छ धुऊन ठेवत होता!

"कुठलं भांडं? मला मिक्सर कुठं लावता येतोय?"

आणि त्याच वेळी आत मिक्सर सुरू झाला.

आत्याबाईंनी माझा हात घट्ट धरला. त्यांची बोटं फोडींनी गार पडलेली होती. रामराम म्हणत आम्ही दारापर्यंत गेलो आणि आत डोकावलो. ओट्याशी कुणीतरी पाठमोरं उभं होतं, मामांसारखंच खांद्यात वाकलेलं, मिक्सरचं झाकण दोन्ही हातांनी दाबून.

खांद्याला ऑफिसची बॅग होती.

हे वळले. मिशी पिवळी. आम्हा दोघींना बघून त्यांनी मिक्सर बंद केला आणि लेकरासारखं तोंड करून म्हणाले, "अण्णांसाठी चव बघायलो होतो."

आखितीला आम्ही रीतीप्रमाणे घागर भरली, घास ठेवला, आणि आधी अण्णा मग आपण म्हणून तिघं गंभीर चेहऱ्यानं थांबलो. आखितीआधी आंबा न खाल्लेलं घरात कुणीच नव्हतं. कावळ्यानं नेलेली फोड धरली, तर मामासुद्धा!