त्रिचक्रीच्या तीन टोप्यांची बखर

श्रीमारुतीराय प्रसन्न. जो वाऱ्याचा पुत्र, तोच चाकांतल्या वाऱ्याचा राखणदार होवो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरे, आश्विन शुद्ध नवमी, सौम्यवासरी घाटमाथ्यावरील राज्यात जे वर्तमान जाहले, आणि दुसरे दिवशी विजयादशमीस त्याचे जे पर्यवसान जाहले, ते जैसे घडले तैसे लिहिले असे. राज्याचे नाव लिहीत नाही. ज्यास ठाऊक त्यास ठाऊक, आणि ज्यास ठाऊक नाही त्याचे तेथे काही काम नाही.

राज्य म्हणजे तीन खोल्या, एक ओटा आणि एक पिठाची गिरणी; परंतु पंचक्रोशीचा जोंधळा त्याच गिरणीवर पडे, म्हणोन दबदबा मोठा. कैलासवासी धन्यांमागे सर्व कारभार आईसाहेब द्वारकाबाई पाहात. विद्या दुसरीपर्यंत, परंतु काट्यावरचा आकडा लांबून वाचीत, आणि माणूस त्याहून लांबून. चाळीस वर्षांत त्यांचे मुखातून 'आमचे चुकले' ऐसा शब्द निघाला नव्हता. पीठ जाड निघाले तर जोंधळा वाईट, आणि भाकरी करपली तर विस्तव मेला आगाऊ. एकुलते चिरंजीव भुजंगराव, बापासारखे देखणे, आणि बापासारखेच सांगितले तेवढेच कळणारे. पूर्वी ते दुचाकीवर स्वारी करीत, ती एकदा खडीवरून घसरली आणि गुडघा मोडला, आणि गुडघा सांधला तरी गाडी थांबता पाय रोवून तोलावी इतका जोर पायात राहिला नाही. मग आईसाहेबांनी फर्माविले, "दोन चाकांचे जनावर बेइमान. ते उभे राहते तेदेखील आपल्याच पायावर. आजपासून या राज्यात तीन चाकांखाली गोष्ट नाही." म्हणोन शहराहून त्रिचक्री मोटारसायकल आणविली, पुढे एक चाक, मागे दोन, रंग काळा, आवाज वाघाचा, आणि सारे लोक पाहावयास आले, आणि आईसाहेबांनी दृष्ट काढिली. परंतु जीव स्वस्थ नाही. एक काळजी उठून गेली की तिच्या पाटावर दुसरी येऊन बसे. तिसरे चाक म्हणजे तिसरी काळजी. स्वारी निघण्यापूर्वी त्या स्वतः वाकून तिन्ही चाके अंगठ्याने दाबून पाहात, जैसे बाजारात वांगे दाबावे, आणि स्वारी घाटाखाली उतरू लागली की इकडे घास घशाखाली उतरत नसे.

अखेर हवेची चौकी बसवावी ऐसी मसलत ठरली. ती चौकी ऐसी की, चाकाच्या ज्या तोंडातून हवा भरितात त्यावर एकेक टोपी, आणि टोपीत एक हेर, तो आतल्या हवेचा दाब मोजून क्षणोक्षणी बिनतारी वर्तमान धाडी. आणि हँडलावर तळहाताएवढा पडदा, त्यावर तिन्ही चाकांचे तीन आकडे. बत्तीस असता राज्यात सुख. पंचविसाखाली उतरला की पडदा लाल आणि ओरड ऐसी की मेलेला उठावा. बसविणारा कारागीर बजावून गेला, "उजवी टोपी उजव्या चाकाला, डावी डाव्याला. अदलाबदल झाली तर एकाचं दुखणं दुसऱ्याच्या नावावर जाईल." टोप्यांवर खुणेची अक्षरे होती, परंतु ती इंग्रजी, आणि इंग्रजीशी आईसाहेबांचे बोलणे नव्हते.

मग नवमीस खंडेपूजन आले. गिरणीच्या पट्ट्यास हळदकुंकू लाविले, काट्यास लाविले, विळीस आणि पान्यास लाविले, आणि त्रिचक्री धुऊन ओट्यापुढे आणून उभी केली, तोंड ओट्याकडे, गळ्यात माळ. तेव्हा आईसाहेब बोलिल्या, "साऱ्या हत्यारांची पूजा, आणि अष्टौप्रहर पहारा करणारे हेर तेवढे धुळीत? टोप्या काढा. तबकात मांडा." सूनबाई वैजयंती, घाटाखालच्या मुलखातून गेल्या साली लग्न होऊन आलेल्या, त्यांनी खाली बसून टोप्या काढिल्या आणि "ही पुढची, ही उजवी, ही डावी" ऐसे बोलून ओळीने मांडिल्या. आईसाहेबांनी गंध लाविले, अक्षता वाहिल्या. इतक्यात आतून दूध उतू जाण्याचा वास आला आणि सूनबाई धावल्या, आणि आईसाहेब मागून बोलिल्या, "पूजेत असता चित्त दुधात, आणि दुधापाशी असता चित्त फोनात. बरे आहे." मग हातचे काम दुसऱ्यासाठी खोळंबून ठेवणे हा त्यांचा स्वभाव नव्हे. पाट ओढून त्या गाडीसमोर बसल्या, जैसे देवासमोर बसावे, पुढची टोपी पुढे लाविली, तेथूनच उजवे-डावे ठरविले, मग पाट मागच्या चाकांकडे सरकवून उजवी म्हणून ठेविलेली टोपी आपले उजवे हातास जे मागचे चाक होते त्यास बसविली, आणि डावी डाव्या हाताच्या चाकास, आणि गच्च फिरवून नमस्कार केला. पडदा लाविला तो सर्वत्र बत्तीस. आईसाहेब संतोष पावल्या.

दुसरे दिवशी दसरा. सकाळी भुजंगराव आणि वैजयंतीबाई सीमोल्लंघनास निघाले, म्हणजे घाट उतरून तिच्या माहेरी सोने देण्यास. आपट्याची पाने पिशवीत, आणि भुजंगरावांचा फोन ओट्यावर विसरलेला. स्वारी दिसेनाशी जाहली आणि आईसाहेबांचा जीव लागलीच टांगणीस लागला, आणि त्यात सगुणाबाई आल्या. या धाकट्या जाऊबाई. चूल निराळी, भिंत एक, आणि त्या भिंतीस तीस वर्षे दोन्हीकडून कान. सणास मात्र देवीची पूजा एकत्र. सगुणाबाई झेंडूची फुले घेऊन बसल्या तोच आईसाहेबांचा फोन वाजला, नंबर परका, आणि आवाज भुजंगरावांचा. आईसाहेबांस फोनाचा आवाज लहान करणे ठाऊक नव्हते, म्हणोन त्यांचे सारे बोलणे दरबारातच होत असे.

"आई, घाटाच्या तोंडाशी आहे. जैनुद्दीनभाईच्या फोनवरून बोलतोय, वैजयंतीच्या फोनला इथं रेंज नाही." जैनुद्दीन म्हणजे घाटाच्या माथ्यावर पंक्चर काढणारा, हवेचा धनी म्हणोन या राज्यात त्यास हवालदार म्हणत. "पडदा ओरडायला लागला. उजवं चाक बावीस. म्हणून हवा भरली. तरी बावीसच. परत भरली. आता ज्याला हातसुद्धा लावला नाही ते डावं चाळीस म्हणतंय, आणि उजवं वीस. यंत्राला वेड लागलंय. आवाज बंद करून टाकला."

"हवालदार काय म्हणतो?"

"त्याच्या काट्यावर उजवं दगडासारखं आहे. म्हणाला, डावं बघू का. म्हटलं, डावं चाळीस आहे म्हणतंय, त्याला काय बघायचं. निघतो आता. तिकडे सगळे वाट बघतायत. तू काळजी करू नको."

आईसाहेब "थांब" बोलेपर्यंत फोन बंद. जो मनुष्य काळजी करू नको म्हणतो त्याचीच करावी लागते, हा अनुभव. सूनबाईंचा फोन लाविला तो लागेना. माथा सोडून घाटात उतरले की कोणाचाच लागत नसे. हेरास वेड लागले म्हणावे तर काल त्याची पूजा केली, आणि वेड नाही म्हणावे तर दगडासारख्या चाकाचा आकडा वीस कैसा. ऐसा घोर विचार चालला असता समोर सगुणाबाई देवीस फूल वाहात होत्या, त्या चुकल्या. आईसाहेबांचे तोंड सवयीने सुटले, "सगुणाबाई, देवीच्या उजव्या हाती वाहा म्हटले. तो तुमचा उजवा. देवी आपणाकडे तोंड करून बसली आहे. तिचा उजवा तो आपला डावा. साठी आली, एवढे तरी..." आणि वाक्य तेथेच अडकले, जैसा गिरणीत खडा अडकावा.

कालची त्रिचक्री ओट्याकडे तोंड करून उभी होती.

आईसाहेबांनी काल बसल्या तैसा उजवा हात पुढे करून पाहिला. आपले उजवे हातास होते ते गाडीचे डावे चाक. म्हणजे डाव्याचा हेर उजव्याच्या नावे ओरडत होता, आणि कंठ फुटेपर्यंत खरे ओरडत होता, आणि त्याचे तोंड बंद करून भुजंगराव घाट उतरू लागले होते. उतरताना दरी डावीकडे. अकरा वळणे. मागे बसलेली सून दोन्ही हातांनी पिशवी धरून बसते, हे आईसाहेबांनी शंभर वेळा पाहिले होते. त्यांनी तोच परका नंबर फिरविला.

"हवालदार, आमची गाडी गेली काय?"

"गेली की काकी. आत्ताच. चहाचा कप अजून गरम आहे."

"डावे चाक रिकामे होत आहे. उजवे नव्हे, डावे. टोप्या उलट्या बसल्या आहेत."

टोप्या बसल्या आहेत, ऐसे बोलिल्या. बसविल्या, ऐसे नाही. जणू टोप्या आपापल्या पायांनी चालत गेल्या आणि चुकीच्या उंबऱ्यावर बसल्या. प्रसंग जिवाचा, तरी भाषा राजकारणी. सवय एका घटकेत सुटत नाही.

"या अल्ला," जैनुद्दीन बोलिला. "मी विचारलं होतं त्यांना डावं बघू का."

"तू जा. स्कूटर असेल, सायकल असेल, नसेल तर पळ. आमचे दोन जीव त्या चाकावर आहेत."

"जातो. पण तुम्ही फोन ठेवा, काकी. तुम्ही बोलत राहिलात तर मी इथंच उभा राहीन."

मग वाट पाहणे आले. लढाई बरी; तीत हात चालतात. आईसाहेबांनी सूप ओढिले आणि जोंधळा निवडावयास घेतला, आणि थोड्या वेळाने पाहतात तो खडे सुपात आणि दाणे जमिनीवर. रस्त्यावरून एक गाडी गेली, दुसरी गेली, प्रत्येकीचा आवाज वाघाचा वाटला आणि कोणतीच वाघ नव्हती. मनात वळणे मोजली: पहिले रुंद, दुसऱ्यास कठडा, तिसऱ्याचा कठडा गेल्या पावसात वाहून गेला तो अद्याप गेलेलाच. सगुणाबाई हळूच बोलिल्या, "टोप्या कोणी बसविल्या होत्या, बाई?"

"फुले सुकतात. पाणी शिंपडा," आईसाहेब बोलिल्या.

सगुणाबाईंनी पाणी शिंपडिले. पाऊण तास गेला. देवीपुढील समईत तेल दोनदा घातले, आणि दुसऱ्यांदा ते खाली सांडले. मग फोन वाजला आणि आईसाहेबांस तो उचलवेना. सगुणाबाईंनी उचलून हाती दिला.

"आई, हातपंपानं हवा भरून परत वर आलोय, जैनुद्दीनभाईकडे. ठीक आहोत दोघं." आवाज भुजंगरावांचा. "चौथ्या वळणावर गाठलं त्यानं. हॉर्न वाजवत येत होता, मला वाटलं पुढे जायचंय याला. गाडी डावीकडे ओढत होती, मी म्हटलं वारा आहे. आई, डाव्यात बोटाच्या पेराएवढा खिळा. चाक जवळजवळ टेकलं होतं. पुढच्या वळणावर..." मग भय उतरले की मनुष्यास राग येतो, तैसा आला. "हे सगळं वैजयंतीमुळं. काल टोप्या हिनं काढल्या. एवढी शिकलेली, इंग्रजी वाचते, आणि उजवं-डावं कळत नाही. जीव गेला असता दोघांचा. तूच विचार तिला."

आईसाहेबांनी कान दिला. पलीकडे हवेच्या यंत्राची घरघर, आणि सुनेचा शब्द नाही. तिजला सर्व ठाऊक होते. टोप्या मांडून ती आत धावली आणि परत आली तो त्या बसलेल्या होत्या. तरी उगीच राहिली. इकडे सगुणाबाईंचे फूल हातातच. प्रसंग ऐसा की, आईसाहेब एक अक्षर न बोलत्या तरी चालले असते. गाडी वाचली होती, जीव वाचले होते, आणि सुनेवर आळ येणे ही कोणत्याही राज्यात नवी गोष्ट नव्हे. आईसाहेबांवरही, त्या नव्या सून असता, ऐसे आळ आले होते. एक फुटल्या बरणीचा, एक नासल्या लोणच्याचा, आणि एक त्याहून वाईट. ज्यांनी घातले ते सर्व कैलासवासी जाहले, परंतु जाताना कोणी आपला आळ परत घेऊन गेले नाही.

"भुजंग," त्या बोलिल्या, "टोप्या आम्ही बसविल्या."

"काय?"

"तिने बरोबर काढल्या, बरोबर मांडल्या. आम्ही उलट्या बसविल्या. चुकले."

"कुणाचं चुकलं?"

"बहिरा आहेस काय? आमचे चुकले. आता तिजकडे फोन दे."

फोन त्या हातातून या हाती गेला. "आई," वैजयंतीबाई बोलिल्या.

"लागले का कोठे?"

"नाही."

"मग तोंड शिवले होते काय? तो इतका बोलत होता, गप्प का राहिलीस?"

"मी सांगितलं असतं तर त्यांना खरं वाटलं नसतं, आई. तुम्ही सांगितलंत ते तरी कुठं वाटतंय. तोंड उघडं टाकून उभे आहेत."

"मिटायला सांग, माशी जाईल. आणि टोप्या तूच बसव, तुझ्या हाताने. मग उतरा. सावकाश. हेर ओरडला तर ओरडू द्या त्यास." आणि फोन ठेवून आईसाहेबांनी पदराने घाम पुसला, आणि तो घामच होता ऐसे सगुणाबाईंनी मानिले, आणि त्या दिवशी भिंतीपलीकडे काही नेले नाही, ही गोष्टही लिहून ठेवण्याजोगी.

तात्पर्य, मुलूख राखिला, दोन जीव राहिले, डावे चाक सांधले, आणि एका शब्दाने राज्य बुडत नाही ऐसे चाळीस वर्षांनी सिद्ध जाहले. हवा चाकात असावी, माणसात नसावी, ऐसे लोक पाठीमागे बोलिले. त्यांस बोलू द्यावे. परंतु ज्यास हे वाचून हसू येईल त्याने आधी आपल्या गाडीकडे तोंड करून पाटावर बसावे, मनात देवाचे नाव घ्यावे, आणि विचार न करिता तिचे उजवे चाक बोटाने दाखवावे. मग हसावे.