कंट्रोलरसाहेबांची बरोबरी

आमचे शेजारी दादाराव कंट्रोलर माणूस भेटला की आधी त्याचा तोल सांगतात. मनाचा नव्हे, अंगाचा. मी बदलीवर रिसोडला आलो आणि टेम्पोतून सामान उतरवत होतो, तेव्हा हे गृहस्थ फाटकाशी उभे राहून मला खालपासून वरपर्यंत न्याहाळत म्हणाले, "सर, तुमी उजव्या बाजूले चांगले. मधात उभं केलं का तुमचा तोल जाईन." माझ्या हातात गव्हाचा डबा होता. तोल गेलाच, पण तो त्यांच्या बोलण्यामुळे गेला, असं माझं आजही ठाम मत आहे.

दादाराव एसटीतून निवृत्त झालेले. उभी नोकरी बसस्टँडच्या खिडकीत बसून गाड्या सोडण्यात आणि कोणत्या ड्रायव्हरसोबत कोणता कंडक्टर निभेल याची काळजी करण्यात गेली. निवृत्तीनंतर लगेच काकू वारल्या. एकुलता एक निलेश पुण्याला नोकरीत. घरात उरले हे, एक रेडिओ आणि मोबाइलवरचा फुटबॉलचा गेम.

फुटबॉलला त्यांनी जन्मात पाय लावला नव्हता. पण या गेममध्ये पायाचं काम नसतंच म्हणा. प्रत्येक खेळाडूचं एक कार्ड, त्यावर वेग, पास, ताकद, तोल असे आकडे. अकरा कार्डं निवडायची आणि मैदानावर मांडायची. गंमत अशी की तेच कार्ड एका मांडणीत वाघ असतं आणि दुसरीत शेळी. दादाराव रोज संध्याकाळी ओसरीवर खुर्ची टाकून बसायचे आणि प्रत्येक कार्ड प्रत्येक मांडणीत घालून बघायचे. लग्नासाठी पोरगी पाहायला गेलेले लोकसुद्धा एवढे प्रश्न विचारत नाहीत.

"हा पाहा सर, चार-तीन-तीनमधी कसा पळून राह्यला! अन् तीन-पाच-दोनमधी टाकला का उभ्या उभ्या झोपते. कार्ड खराब नाई राहत, मांडणी चुकते."

हे शेवटचं वाक्य दिवसातून किती वेळा ऐकावं लागेल याला काही धरबंध नाही. बाकी त्यांची सगळी भाषा एसटीची. डावीकडचा एक बचावपटू सारखा पुढे धावायचा. त्याच्याबद्दल म्हणाले, "हे मुक्कामी गाडी हाय. गेली का सकाळीच वापस." दुसरा एक कुणालाच बॉल देत नसे, तो विनाथांबा. मधला एक संथ गडी त्यांचा फार लाडका. "हा मेडशीची गाडी. दर फाट्यावर थांबते, पण पोचवते."

आसेगावला एका लग्नाला आम्ही सोबत गेलो, तिथे तर त्यांनी पंगतीचाच ताबा घेतला. वाढणाऱ्या पोरांना एका रांगेत उभं केलं आणि बादल्यांची अदलाबदल सुरू केली. "वरणाच्या बादलीले तोल पाहिजे! वेग बुंदीले द्या!" नवरीच्या मामांना त्यांनी मिठावर नेमलं, कारण "पास चांगला हाय, पण दम नाई." मामा रुसून मांडवाबाहेर जाऊन बसले. पंगत मात्र झकास उठली.

या माणसाला हसावं की हात जोडावेत, या विचारात मी होतो. तेवढ्यात एक गोष्ट लक्षात आली. दादाराव रोज एकाच टीमशी खेळत. एका संध्याकाळी त्यांनी तिला तीन-शून्य हरवलं. मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी मोबाइल मांडीवर पालथा घातला आणि चहाही विचारला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी आपला सगळ्यात तेज गडी बाहेर बसवला आणि सपाटून मार खाल्ला. तेव्हाही तोंड तेवढंच उतरलेलं. पुन्हा कार्डं, पुन्हा मांडणी.

मी वैतागलो. "काका, तुम्हाला जिंकायचंय की हरायचंय, एकदाचं ठरवा!"

"मले बरोबरी पाहिजे," ते म्हणाले.

"आणि समोर रोज ही कोणाची टीम असते?"

"निलूची."

मग हळूहळू सांगू लागले. दिवाळीत निलेश आला होता. त्यानेच गेम घालून दिला, बापाची टीम बनवली, स्वतःचीही बनवली. चार दिवस बाप-लेक खेळले. पुण्याला गेल्यावरही काही दिवस तो तिकडून खेळायचा. "आता त्याले टाइम नाई भेटत. पण त्यानं मांडलेली टीम तशीच हाय. तो नसला का मशीन त्याच्या जागी खेळते. सारं त्याच्यावानीच. डाव्या बाजूनं सुसाट पळन, मांगं वळून पाहणार नाई. लहानपणापासून तसाच हाय."

त्या दोघांचं स्पीकरवर चालणारं फोनवरचं बोलणं मला रोज भिंतीपलीकडून ऐकू येतं. जेवला का? हो. पाऊस-पाणी हाय का तिकडं? नाही. बरं, ठेवू का? एवढ्यात संपतं. न राहवून मी म्हणालो,

"अहो, मग फोनवर सांगा ना त्याला, रविवारी एक मॅच खेळ म्हणून!"

"सांगतलं तं खेळीन. पोरगं चांगलं हाय." ते म्हणाले. "पण ते ड्युटी लावल्यासारखं होईन, सर. लोकाईले ड्युट्या लावाचं काम मी लय केलं. पोराले नाई लावत."

बोलता बोलताच त्यांनी नवी मांडणी केली होती. मेडशीची गाडी मधोमध, विनाथांबा पुढे. मॅच सुरू झाली. दादाराव एक-शून्यने पुढे गेले आणि तसेच पुढे राहिले. वेळ संपत आली. फुटबॉलमधलं मला ओ की ठो कळत नाही, पण मी समोरच्या टीमने गोल करावा म्हणून देवाचा धावा करत होतो. तेवढ्यात निलेशचा एक गडी डावीकडून सुटला. मागे न पाहता सरळ आत घुसला आणि बॉल जाळीत!

"मारला! पोट्ट्यानं मारला!" दादाराव खुर्चीतून अर्धे उठले होते. शिट्टी झाली. एक-एक.

त्यांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला, पुन्हा लावला. मॅच संपली असं समजून मी उठलो, तर माझा हात धरून त्यांनी मला खाली बसवलं.

"कुठी चालले? बरोबरी झाली का जादा वेळ भेटते, सर. बसा. तो अजून थोडा वेळ हाय."