कंट्रोल, क्यू आणि रॉकेल

निवृत्तीराव गांगुर्ड्यांना कॉम्प्युटरची भीती नव्हती. भीती होती सटाण्याची. (गाव चांगलं आहे, पण तिथं त्यांचे सासरे राहतात.) द्राक्ष बागाईतदारांच्या संस्थेच्या नाशिक कचेरीत नवं मशीन आलं आणि साहेबांनी जाहीर केलं, की शनिवारी परीक्षा, जो क्लार्क नापास होईल त्याची बदली सटाण्याच्या शाखेत! निवृत्तीरावांनी घरी बदलीचं अवाक्षर काढलं नाही. कळलं असतं तर लताबाईंनी त्याच दिवशी सामान बांधायला घेतलं असतं.

मशीनवर लांबलचक मजकुरात इकडून तिकडं उडी मारायची युक्ती होती. नुसतं बाणाचं बटण दाबत बसलं तर ओळ-ओळ सरकत माणूस रिटायर व्हायचा. त्यापेक्षा कंट्रोल नावाचं बटण धरून क्यू आणि आर दाबलं की थेट मजकुराच्या डोक्यावर. आरऐवजी सी दाबलं की थेट तळाला. आणि पी दाबलं की निघालो होतो तिथं परत. एवढंच लक्षात ठेवायचं. पण निवृत्तीरावांचं पाठांतर शाळेपासूनच गळकं. म्हणून शनिवारी सकाळी दाढी करता करता ते मोठ्यानं घोकू लागले.

"कंट्रोल, क्यू, आर... सगळ्यात पुढे! कंट्रोल, क्यू, सी... सगळ्यात शेवटी! पी... परत!"

आत लताबाई कोरड्या स्टोला पिन मारून मारून थकल्या होत्या. पंचवटीतल्या त्यांच्या बोळात 'कंट्रोल' म्हणजे रेशनचं दुकान, आणि 'क्यू' म्हणजे काय हे तर शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी खिडकीतूनच शेजारणीला हाक मारली, "अहो धोंडाबाई, कंट्रोलवर क्यू लागलाय! आर म्हणजे रॉकेल, ते आधी देणार. सी म्हणजे साखर, ती शेवटी."

"आणि ते पी ओरडतायत, ते?"

"पामतेल. त्याच्या लोकांना परत पाठवतायत."

निवृत्तीराव तोंड धुऊन येईपर्यंत घरात बायको नव्हती आणि जेवणाचा डबाही नव्हता. ते तसेच उपाशीपोटी कचेरीत गेले. इकडं बोळातल्या झाडून साऱ्या बायका डबे-पिशव्या घेऊन बंद दुकानासमोर उभ्या होत्या. बऱ्याच वेळानं दुकानदारानं दार किलकिलं केलं आणि विचारलं, "माल आलाय असं कुणी सांगितलं?" सगळ्यांनी लताबाईंकडं बोट दाखवलं. लताबाईंनी नवऱ्याचं नाव घेतलं (एरवी त्या ते उखाण्यातच घेत), आणि मोर्चा कचेरीकडं निघाला.

कचेरीत साहेबांनी जाडजूड अहवाल पडद्यावर आणला होता. "हं, गांगुर्डे, सुरुवातीला जा."

निवृत्तीरावांचं डोकं कोरं झालं. पडद्यावर त्यांना सासरे दिसू लागले. तेवढ्यात दारात डब्यांचा खडखडाट झाला.

"अहो, आर पुढे म्हणालात ना? कुठाय रॉकेल?"

कंट्रोल-क्यू धरून त्यांचं बोट आरवर पडलं. मजकूर टुणकन पहिल्या पानावर गेला.

"छान! आता शेवटी."

"आणि सी म्हणून मला साखरेला शेवटी उभी केली हिनं!" धोंडाबाई कडाडल्या.

सी. मजकूर तळाला.

"आन् पामतेलाला परत का, ते इचारा की!" मागून बोळातल्याच लंकाबाई ओरडल्या. निवृत्तीरावांनी पी दाबलं.

साहेब पडद्याकडं बघूनच "वा, वा" करत होते. आता ते वळले. एवढ्या बायका बघून त्यांना वाटलं, निकाल ऐकायला आख्खा बोळ लोटलाय. त्यांना गहिवरून आलं.

"अभिनंदन, वहिनी! पास झाले हे. सटाण्याची बदली टळली!"

लताबाईंनी हातातला डबा खाली ठेवला. "कसली बदली?"

"म्हणजे बोलले नाहीत? सटाण्याला जावं लागू नये म्हणून बिचारे रात्रंदिवस घोकत होते हो!"

"हाई काय शे?" लताबाई नवऱ्याकडं बघत म्हणाल्या. माहेरची अहिराणी त्या फक्त टोकाच्या रागात बोलत.

संध्याकाळी लंकाबाईंनी कीव येऊन निवृत्तीरावांना बाटलीभर रॉकेल दिलं. पण स्टो पेटवायचा कसा हे त्यांना येत नव्हतं. आणि ज्यांना येत होतं त्या लताबाई वडिलांना कायमचं नाशिकला राहायला आणण्यासाठी संध्याकाळच्या एस.टी.नं सटाण्याला गेल्या होत्या.