गुंजसाहेबांच्या घरातली बेकायदा वजनवाढ

"माझ्या घरात एक ग्रॅम इकडचा तिकडे होत नाही!" असं गुंजसाहेब दिवसातून तीनदा तरी म्हणत, आणि ऐकणारे मान डोलवत. डोलवणार नाहीत तर काय करतील? ऐकणारे बहुतेक दुकानदार असत आणि साहेब होते वजनमापं तपासणारे सरकारी निरीक्षक. एका दुकानदाराच्या काट्यात म्हणे गुंजभर फरक निघाला, तर साहेबांनी त्याचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं. तेव्हापासून बाजारपेठेनं त्यांना हे नाव बहाल केलं. साहेबांना ते कौतुकाचं वाटे. काही माणसांना शिवीसुद्धा शालीसारखी पांघरता येते.

गेलं वर्षभर त्यांच्या बढाईला घरातलाच विषय मिळाला होता, तो म्हणजे बायको. ती घराच्या पुढच्या खोलीत बायकांचे कपडे शिवायची. वजन फार होतं, गुडघे दुखायचे, जिना चढताना दोनदा थांबावं लागायचं. अकरा वर्षांपूर्वी एका डॉक्टरांनी तिला सांगून टाकलं होतं, या वजनात आणि पाळीच्या या अनियमितपणात मूल होणं कठीण, तो विषय सोडा. तिनं तो सोडला, म्हणजे लोकांसमोर बोलणं सोडलं. शेवटी तिनं स्वतःच ठरवून पोट लहान करण्याची शस्त्रक्रिया करून घेतली. केळ्याएवढं पोट उरलं. चार घास खाल्ले की बस.

दहा महिन्यांत अडतीस किलो उतरले. पोट तिचं कापलं, टाके तिला पडले, भूक तिनं मारली. श्रेय मात्र साहेबांनी घेतलं, कारण आकडे ते लिहीत असत. दर रविवारी सकाळी सात वाजता बायकोला काट्यावर उभं करायचं, आकडा मोठ्यानं वाचायचा आणि फ्रिजशेजारच्या तक्त्यावर लाल शाईनं लिहायचा. घरी आलेल्या प्रत्येकाला आधी तक्ता, मग पाणी. ऑफिसात त्यांनी तक्त्याचा फोटो फिरवला आणि 'शिस्त' या विषयावर जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास सगळ्यांना पिडलं.

आणि अकराव्या महिन्यात काटा दोनशे ग्रॅम वर गेला. पुढच्या रविवारी आणखी तीनशे.

साहेब न्यायी माणूस. त्यांनी आधी काट्यावर संशय घेतला. ऑफिसातून प्रमाणित वजनं आणली, एकेक ठेवून पाहिली, आणि काटा निर्दोष सुटला. मग उरली बायको.

"काय खाल्लंस?"

"तुमच्यासमोर खाते तेच."

"मग हे अर्धा किलो आभाळातून पडलं?"

"मला नाही माहीत. पण मी खाल्लं नाही."

हे वाक्य तिनं पुढचे दोन महिने सगळ्या सुरांत म्हणून पाहिलं. शांतपणे, चिडून, रडून, शिवणयंत्रावर मान खाली घालून. जाड माणसानं 'मी खाल्लं नाही' म्हटलं की लोक गालात हसतात, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. बारीक झालं तरी ते हसणं थांबत नाही, हे आता कळलं. घरच्या माणसानं तरी एकदा 'खरं आहे तुझं' म्हणावं, यापलीकडे तिचं काही मागणं नव्हतं.

साहेबांना हॉस्पिटलची पुस्तिका तोंडपाठ होती. बायकोला सकाळी उलटी झाली, की पुस्तिका सांगे, क्षमतेपेक्षा जास्त खाल्ल्यास उलटी होते. तिला चक्कर आली, की पुस्तिका म्हणे, गोड खाल्ल्यास चक्कर येते. ती दुपारी कापड हातात घेऊन बसल्या जागी पेंगली, की म्हणे, आहाराचे नियम मोडल्यास थकवा येतो. शेजारच्या तळणीचा वास तिला सहन होईना, तेव्हा मात्र पुस्तिकेनं हात टेकले. मग साहेबांनी स्वतःची बुद्धी चालवली. गुन्हेगाराला मुद्देमालाचा वास सोसत नाही, असा शोध त्यांनी लावला.

वाचकांना एव्हाना कळलंच असेल. कुणालाही कळलं असतं. पण काखेत कळसा आणि गावाला वळसा घालायला साहेबांसारखा हुशार माणूसच लागतो. तिला स्वतःला का कळलं नाही म्हणाल, तर तिची पाळी चार-चार महिने दांडी मारायची ही जुनीच गोष्ट, आणि अकरा वर्षं बंद असलेल्या दारावर टकटक झाली तर माणसाला आधी वाराच वाटतो.

साहेबांनी पावलं उचलली. ऑफिसात काट्यांना लावतात तसली तार आणि शिशाची सीलं त्यांनी घरी आणली आणि बिस्किटांच्या कपाटाला, साखरेच्या डब्याला आणि फ्रिजलासुद्धा ठोकली. सकाळी स्वतः तोडायची, तिचा मोजका खुराक काढायचा, पुन्हा ठोकायची. घरातच राहणाऱ्या साहेबांच्या आईनं, म्हणजे बायकोच्या सासूबाईंनी, दूध कसं घ्यायचं म्हणून विचारलं, तर त्यांना अर्ज करायला सांगितलं. आणि हे सगळं ते गुपचूप करतील तर ते गुंजसाहेब कसले! बहिणीला फोन गेला, वरिष्ठांचा सल्ला घेतला, शिपायाशी चर्चा झाली, न्हाव्याच्या खुर्चीतसुद्धा 'बायको चोरून खाते' हे दुःख सांगून झालं.

मग साहेब कोपऱ्यावरच्या बेकरीत शिरले. ऐन गर्दीत त्यांनी बेकरीवाल्याला बाजूला घेतलं आणि त्याच्या डोळ्यांत रोखून पाहत विचारलं, "माझी बायको इथून काय नेते?"

बेकरीवाल्याची पाचावर धारण बसली. ती बाई दोन वर्षांत दुकानात आली नव्हती. तो खरं तेच म्हणाला, "काहीच नाही, साहेब."

"काहीच नाही?" साहेब एवढंच म्हणाले आणि भुवई उंचावून निघून गेले.

त्या भुवईनं घात केला. बेकरीवाल्यानं विचार केला, निरीक्षक स्वतः येऊन सांगतो की त्याच्या घरी आपल्याकडून काही जात नाही. याचा अर्थ न कळायला तो काही कुक्कुलं बाळ नव्हता. दुसऱ्या दिवसापासून साहेब ऑफिसला गेले की रोज मलईच्या केकचा खोका घरी येऊ लागला. बाई नको म्हणाली तरी माणूस खोका उंबऱ्यात ठेवून पळे. तिला तर वासानंच मळमळे, म्हणून ती तो शिवण शिकायला येणाऱ्या मुलींना वाटून टाकी. सासूबाईही 'टाकून द्यायचं पाप नको' म्हणून रोज दोन तुकड्यांचं पुण्य जोडत.

शनिवारी साहेबांना शिवणयंत्राखाली सहा रिकामे खोके सापडले.

रविवारी सकाळी बैठकीच्या खोलीत सुनावणी भरली. सासूबाई चहाचा कप घेऊन खुर्चीत, बायको स्टुलावर, आणि साहेब उभे. टेबलावर सहा खोके मांडलेले. साहेबांनी तेराव्या महिन्याचा आकडा वाचला आणि पूर्ण पावणेतीन किलोंची बेकायदा वाढ जाहीर केली. सासूबाईंनी केकची खरी हकीगत सांगायला दोनदा सुरुवात केली, पण स्वतःच्या दोन तुकड्यांशी आल्यावर त्यांना खोकला आला. मग साहेबांनी निकाल दिला. डॉक्टरांची वेळ घेतली आहे, उद्या सकाळी भूल देऊन पोटात दुर्बीण घालायची, आणि पोट सैल पडलं असेल तर पुन्हा शस्त्रक्रिया करून आवळून घ्यायचं.

"मी खाल्लं नाही," बायको म्हणाली.

"काटा खोटं बोलत नाही."

"नसेल बोलत. पण काटा किती ते सांगतो, कुठे ते सांगत नाही." ती उठली, गळ्यातली टेप काढली आणि तिचं टोक त्यांच्या हातात दिलं. "मापं घ्या माझी. मोठ्यानं वाचा."

दर दोन महिन्यांनी स्वतःचे कपडे आवळण्यासाठी ती स्वतःची मापं घेई, ती वही तिनं उघडली. साहेबांचा एक गुण मान्य करायला हवा, मापात ते सख्ख्या भावाशीही खोटं बोलले नसते. त्यांनी दंड मोजला. मागच्यापेक्षा इंचभर कमी. गळा अर्धा इंच कमी. मनगट कमी, मांडी दीड इंच कमी. साहेबांचा आवाज उतरत गेला. छाती एक इंच जास्त. मग पोट.

"तीन इंच जास्त," साहेब म्हणाले.

बायकोची पेन्सिल थांबली. पंधरा वर्षं ती बायकांच्या शिवणी उसवत आणि सैल करत आली होती. खाऊन सुटलेलं अंग दंडावर आधी दिसतं, हे तिला झोपेतसुद्धा सांगता आलं असतं. दंड उतरतो आणि पोट तेवढं वाढतं, अशी गिऱ्हाइकं वेगळी. त्यांच्या आयांच्या आधी हिला कळायचं, आणि विचारण्याआधीच ती शिवणीत चार बोटं कापड जास्त सोडायची.

"परत मोजा," ती म्हणाली.

त्यांनी परत मोजलं. "तेवढंच आहे."

"आई," ती सासूबाईंकडे बघत म्हणाली. सासूबाईंचा कप बशीवर न टेकता हवेतच राहिला होता. त्यांनी दोन लेकरं वाढवली होती. त्या फक्त "हं" म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले.

साहेबांनी टेप गुंडाळली. "म्हणजे सगळा माल एकाच ठिकाणी साठवलाय. उद्या न्यायलाच हवं."

"उद्या नाही. आत्ता चला," बायको म्हणाली.

हॉस्पिटलात तिनं उद्याच्या दुर्बिणीच्या कागदावर सही केलीच नाही. आधी दुसरी तपासणी करा, असं तिनं नर्सला कानात सांगितलं. तासाभरात सगळे डॉक्टरबाईंच्या समोर बसले होते. तिचं पोट कापणाऱ्या बाई याच. त्यांनी रिपोर्ट खाली ठेवला आणि सांगितलं, चार महिने झाले आहेत, आणि बाळाच्या हृदयाचे ठोके चांगले आहेत.

साहेबांनी मागे वळून पाहिलं, ही बातमी दुसऱ्या कुणाची तर नाही ना.

"दीड वर्ष थांबायचं होतं तुम्ही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "वजन उतरलं की अडलेली पाळी मार्गी लागते, अचानक दिवस जातात. म्हणून तर पुस्तिकेत अख्खं सातवं पान आहे. वाचलं नाहीत?"

"ते आम्हाला लागू नव्हतं," साहेब म्हणाले. "मी त्यावर तिरकी रेघ मारली होती."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की एखाद्याची बदलीच झाली असती. मग त्यांनी रक्ताचा रिपोर्ट काढला. लोह कमी, जीवनसत्त्वं कमी, खाणं फारच कमी पडतंय. घरात कुणी अन्नाला कुलूप लावलंय की काय, असं त्यांनी रागानं विचारलं.

"कुलूप नाही," सासूबाई म्हणाल्या. "शिशाचं सील."

"बाळ ठीक आहे ना?" बायकोनं विचारलं. ती खरोखरच घाबरली होती.

"आज ठीक आहे. पुढेही राहावं म्हणून दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, गोळ्या चुकवायच्या नाहीत आणि दर महिन्याला रक्त तपासायचं. वजन वाढायला हवं आता. आणि वजन इथे करू, घरी नाही."

घरी येताच सासूबाईंनी सांडशीनं सगळी सीलं तोडली. सरकारी सील तोडणं हा गुन्हा आहे हे सांगायला साहेबांनी तोंड उघडलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तसंच मिटलं. मग ते बायकोजवळ येऊन बसले. ती उकडलेलं अंडं बारीक बारीक घासांनी खात होती.

"मला आधी सांगायचं नाहीस का?" ते म्हणाले.

"दोन महिने सांगत होते. मी खाल्लं नाही, म्हणत होते. तुम्ही काट्याला विचारत होता."

चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती, आणि चोर तर मुळात नव्हताच. साहेबांनी फोन उचलला आणि बहिणीला लावला. बहिणीला बातमी कळताच तिकडून एवढा आनंद उसळला, की शेजारच्या खोलीत ऐकू आला. दादाचं अभिनंदन, दादाच्या शिस्तीचं फळ, दादानं वर्षभर घेतलेल्या कष्टांचं चीज! साहेबांची छाती सवयीनं फुगू लागली. "हो, म्हणजे कष्ट तर—" एवढं बोलून त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खायची थांबली होती.

"कष्ट तिचे," साहेब फोनमध्ये म्हणाले. "आणि ऐक. तिनं चोरून काही खाल्लं नव्हतं. कधीच नाही. मी तुला खोटं सांगितलं होतं."

साहेबांनी फोन ठेवल्यावर बायकोनं डोळे पुसले आणि उरलेलं अंडं संपवलं.

"वन्संचं झालं," ती म्हणाली. "ज्यांना ज्यांना सांगितलंत, त्या सगळ्यांना हेच वाक्य सांगायचं. बाळाची बातमी नंतर. माझ्या हिशेबानं अजून बावीस जण आहेत. यादी करा, आकड्यात तुम्ही पक्के आहात."

साहेब कागद घेऊन बसले. वरिष्ठ, शिपाई, न्हावी, बेकरीवाला असं एकेक नाव लिहीत गेले. बरंच खाली आल्यावर ते थांबले, वरून मोजत आले आणि पुन्हा एकदा मोजलं. मापात खोटं बोलायची त्यांना सवयच नव्हती.

"बावीस नाहीत," ते मान खाली घालून म्हणाले. "सव्वीस आहेत."