आतली कडी

आमच्या शेजारचे उत्तमराव कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी न्हाणीघराची कडी तपासतात. आत जातात, कडी लावतात, काढतात, पुन्हा लावतात. यजमान बिचारे बाहेर तांब्या घेऊन उभे. मग गंभीर चेहऱ्यानं निकाल येतो, "बराबर हाय." नाहीतर, "आक्षेप हाय." माझ्या मुलीच्या लग्नात त्यांनी कार्यालयातली कडीही सोडली नाही. ती लागली, पण निघेना. इकडे अक्षता पडत होत्या आणि आतून उत्तमराव ओरडत होते, "मास्तर, आक्षेप लिहून घ्या!"

उत्तमराव सरकारी ऑडिटर होते. गावोगावचे कागद तपासायचे आणि हिरव्या पेनानं खुणा करायच्या, यातच त्यांच्या नोकरीची वर्षं गेली. ती सवय घरातही आली. जेवताना म्हणणार, "भाजीत मीठ कमी. आक्षेप." वहिनी मिठाची बरणी पुढं सरकवून म्हणणार, "घ्या, करा पूर्तता."

या माणसानं काही वर्षं शिल्लक असताना नोकरी सोडली आणि जालन्याच्या एमआयडीसीत लोखंडी दारांचा कारखाना काढला. ऑडिटरला वेल्डिंगमधलं काय कळतं, असं लोक म्हणाले. खरंच काही कळत नव्हतं. पहिलं दार मीच घेतलं. ते चौकटीत बसेना, तर मलाच विचारतात, "मास्तर, भिंत सरळ हाय ना तुमची?" पण गडी हटला नाही. कामगारांच्या शेजारी उकिडवा बसून शिकला, हात भाजून घेतले. आता त्यांची दारं टेम्पो भरभरून बाहेर जातात.

दोनेक वर्षांपूर्वी त्यांना एक नवीनच खूळ लागलं. कडी तपासायची सवयही तेव्हाचीच. जिल्ह्यातल्या ज्या शाळेत मुलींच्या स्वच्छतागृहाला दार नाही, तिथं हे पदरमोड करून दार बसवणार. स्वच्छतागृहच नसेल तर विटांपासून सुरुवात. एका सरपंचानं सुचवलं, "सायब, त्यापरीस गावाला कमान बांधा, वर तुमचं नाव टाकू." उत्तमरावांनी विचारलं, "कमानीला कडी आसती का?"

मी निवृत्त चित्रकला शिक्षक. दारावर 'मुली' असं रंगवायला ते मला सोबत नेतात. आयुष्यभर निसर्गचित्रं शिकवली, आता माझी सगळी कला या एका शब्दात मावते. उत्तमरावांच्या खिशात एक घडी घातलेला कागद असतो, त्यावर गावांची नावं. काम झालं की एक नाव खोडतात. सगळ्यात वरचं नाव मात्र तसंच होतं. विचारलं की म्हणायचे, "तिथं जायचंय. जल्दी न्हाई." एरवी घाईपायी गिऱ्हाइकाला चहाही संपवू न देणारा हा माणूस!

गेल्या महिन्यात मात्र ते एकदम उठले. "चला मास्तर, वरच्या नावाला." गाव घनसावंगीच्या बाजूचं. कारखान्यात दोनेक वर्षांपासून दारं रंगवणारी सुनीताही टेम्पोत होती, तिचं ते माहेर. वाटेत उत्तमरावांचा ड्रायव्हरवरही एक आक्षेप नाही.

तिथं विटांपासून सुरुवात करावी लागली. पंधरा दिवसांनी आम्ही तिघं पुन्हा गेलो, दार बसलं, मी 'मुली' लिहिलं. कडी तपासायला ते स्वतः गेले नाहीत. म्हणाले, "सुनीता, तू बघ."

ती आत गेली. कडी वाजली. बराच वेळ ती आतच राहिली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल झाले होते.

"बराबर हाय, सायब. तव्हा हे आसतं तर म्या सातवीतून शाळा सोडली नसती."

उत्तमरावांनी मान खाली घातली. "तव्हा कागदावर हे व्हतं, बाई. फोटोसकट. त्यावर हिरवी खूण मीच केल्ती. घनसावंगीत पंख्याखाली बसून. मी इथं आल्तोच न्हाई. तू कामाला आलीस, गावाचं नाव सांगितलंस, शाळेत संडासच नव्हता म्हणालीस, तव्हापासून हे सांगायचं धाडस करून राह्यलो."

हातातल्या ब्रशचं काय करावं ते मला कळेना. उत्तमरावांनी खिशातलं हिरवं पेन काढून तिच्यापुढं धरलं. "आता खूण तू कर. मी कशी करू?"

सुनीतानं पेन घेतलं. दाराकडं पाहिलं, नळाकडं पाहिलं.

"आज न्हाई, सायब. आठ दिस पोरींना वापरू द्या. पाणी येतंय का, कडी टिकती का, ते बघू. मंग करीन. पेन माझ्यापाशीच राहू द्या."

आयुष्यभर दुसऱ्यांवर आक्षेप घेणाऱ्या त्या माणसाला एक आक्षेप मुकाट्यानं मान्य करताना मी प्रथमच पाहिलं. "मान्य हाय," एवढंच ते म्हणाले. मग भिंतीचा ओळंबा पाहायचा आहे असं दाखवत ते पाठमोरे झाले. मला त्यांची त्या वेळी फार माया आली.

आठ दिवसांनी सकाळीच ते इस्त्रीचा सदरा घालून दारात उभे. आमच्या न्हाणीघराकडं बघितलंसुद्धा नाही. उभ्या उभ्या तांब्याभर पाणी प्यायले आणि म्हणाले, "मास्तर, सुनीता बसलीय टेम्पोत. तिनं पेन आणलंय का, तेवढं विचारा. मला इचारवत न्हाई."

मी जाऊन विचारलं. तिनं पिशवीतून हिरवं पेन काढून दाखवलं.

"आणलंय की. पर डोळ्यानं बघितल्याबिगर करणार न्हाई, सांगा सायबाला."