विहिरीत वळलेला दोर

"कोणाचाच इश्वास बसनार नाही, म्हणून मी हे कोणाले सांगतच नाही," असं म्हणून रंगराव ते दर बाजाराला सांगत.

पोळा तोंडावर आला होता. धाडच्या बाजारात कासरे, बैलांच्या तोंडाला बांधायच्या म्होरक्या मांडून रंगराव बसले होते. शेजारी त्यांची बायको, चांगुणा. गुलाबराव बिचारे नुसता कासरा घ्यायला आले अन् सापडले. रंगरावांनी बाभळीची फिरकी त्यांच्या नाकासमोर धरली. ही दोराच्या टोकाला अडकवून गरगर फिरवली, की दोराला पीळ बसत जातो.

"महाराष्ट्र झाला त्या सालची गोष्ट. ही लिंबाखाली बसून अंबाडीचे धागे लावून देत होती. मी फिरकी फिरवत मागं मागं सरकून राह्यलो होतो. दोर वळनाऱ्यानं मागं पाह्यलं का पीळ बिघडते. अन् मागं विहीर."

"मंग?"

"मंग काय, गेलो. हातात फिरकी, फिरकीले दोर, दोराले मी."

"कच्चा दोर तुटला नाही?"

"दोराचं राहू द्या, वर ही होती ना! दोर कमरेले गुंडाळून खुंट्यावानी बसली. तळहात सोलून निघाले, मले शिव्या देल्या, पन सोडला नाही. म्हणून तं पोळ्याले बैलाच्या आधी मी हिले ओवाळतो."

चांगुणा म्होरक्या नीट लावत राहिली.

"पन खाली मी लटकल्या लटकल्या उलटा फिराले लागलो. पीळ उलगडू लागला. पुरा उलगडला का मी खाली, बुडालो. मंग विहिरीच्या दगडाले देली लाथ, अन् सुलटा फिरलो. गुलाबराव, मीच फिरकी झालो! पीळ चढला का दोर आखूड होते. होते का नाही?"

"होते," गुलाबरावांना म्हणावंच लागलं.

"बस. आखूड होत होत त्यानं मले आनून काठावर ठेवलं."

"काहीही सांगून राह्यले. एवढा आखूड होते काय कुठं?"

"अंबाडी धामणगावची होती," रंगराव शांतपणे म्हणाले.

गुलाबरावांनी कासरा खाली ठेवला अन् चांगुणेकडे वळले. "वहिनी, तुमीच सांगा. खरं हाय का हे?"

"निव्वळ झूट," चांगुणा म्हणाली. "विहिरीत मी पडली होती. दोर ह्यायनं धरला होता, अन् मी वर येईस्तोवर हेच लेकरावानी रडत होते."